नगर जिल्ह्याचा समुद्र

नगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे भूगोलाच्या तासाला समुद्राचा धडा आला की शिक्षक आणि मुले तो जरा परकेपणानेच वाचतात. समुद्र कोकणवाल्यांचा, आपली धरणे, पाट आणि ऊस. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण ही समजूत जुनीच राहिली आहे. ती कितपत खरी आहे, हे या लेखात तपासून पाहू या. त्यासाठी थोडा भूगोल लागेल, थोडे रसायनशास्त्र लागेल आणि बराचसा इतिहास.

अकोले तालुक्यात घाटघरच्या कड्यापाशी सह्याद्रीची मुख्य धार आहे. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब कोकणात उतरतो आणि थोड्याच प्रवासात अरबी समुद्राला मिळतो. चार पावले पूर्वेला पडलेल्या थेंबाचे नशीब अगदी वेगळे. तो प्रवरेत जातो, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात थांबतो, अकोले-संगमनेरवरून वाहत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत शिरतो. पुढे पैठणचा नाथसागर, नांदेड, मग तेलंगण, आंध्र प्रदेश आणि शेवटी राजमहेंद्रीच्या खाली बंगालचा उपसागर. हा प्रवास चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातले पाणी सीना आणि भीमेतून कृष्णेला मिळते. तेही अखेर त्याच उपसागरात जाते. म्हणजे कड्यापलीकडे उतरणारे थोडे पाणी सोडले, तर साऱ्या जिल्ह्याचे पाणी बंगालच्या उपसागराचे आहे. नगर जिल्ह्याला समुद्र आहे. तो फक्त फार लांब आहे.

पाच दिवसांची मुदत

पाणी किती घाण आहे हे मोजायचे कसे? डोळ्यांना दिसणारा गढूळपणा फसवा असतो. पुराचे गढूळ पाणी माशांना चालते आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे गुदमरतात. माशांना लागतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तो मोजण्याची खात्रीची रासायनिक पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिली. ती थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते.

पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. कारखान्यांनी आणि शहरांनी तिथल्या नद्यांची गटारे करून टाकली होती. १८९८ साली नेमलेल्या सांडपाणी आयोगाने बरीच वर्षे अभ्यास करून १९१२ च्या अहवालात एक कसोटी सुचवली. सांडपाण्याचा नमुना बंद बाटलीत पाच दिवस ठेवायचा आणि तेवढ्या काळात त्यातल्या जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला, हे मोजायचे. हीच आपल्या पाठ्यपुस्तकांतली जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी.

पाचच दिवस का? याचे कारण असे सांगतात की, इंग्लंडमधल्या कोणत्याही नदीचे पाणी पाच दिवसांत समुद्राला पोचते. त्यानंतर काय होईल याची काळजी करायचे कारण नाही, कारण समुद्र मोठा आहे! प्रदूषण मोजण्याची जगभर शिकवली जाणारी ही कसोटी अशी एका छोट्या बेटाच्या भूगोलातून आली आणि समुद्र सगळे पोटात घेतो, हा विश्वासही तिच्याबरोबरच आला. आपल्या उष्ण हवामानासाठी भारतात पुढे २७ अंश सेल्सियस तापमान आणि तीन दिवसांची मुदत स्वीकारली गेली. प्रवरेचे पाणी मात्र तीन किंवा पाच दिवसांत कुठलाच समुद्र गाठत नाही. ते धरणाधरणांत महिनोन् महिने मुक्काम करीत जाते.

साखर आणि तिची सावली

आता कारखान्यांकडे वळू. भंडारदऱ्याच्या कालव्यांनी प्रवरेचे खोरे बारमाही झाले आणि १९२० व १९३० च्या दशकांत हरेगाव, टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने निघाले. नंतर विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. पाठोपाठ कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीगोंदा असे कारखाने उभे राहिले. कारखान्यांबरोबर रस्ते आले, दवाखाने आले, शाळा आल्या. जिल्ह्याचा आधुनिक इतिहास साखर वगळून लिहिता येणार नाही.

उसाचा रस आटवून साखरेचे खडे काढून घेतले की जो दाट काळपट द्रव उरतो, तो म्हणजे मळी किंवा मोलॅसिस. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यात बरीच साखर शिल्लक असते. ती आंबवून कारखान्याशेजारच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मद्यार्क काढतात. मद्यार्क उडून गेल्यावर तळाशी गरम, आम्लधर्मी, गडद तपकिरी पाणी राहते. कारखान्यातली माणसे त्याला स्पेंटवॉश म्हणतात. जुन्या पद्धतीत एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघत असे.

या पाण्याचा बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असतो. घरगुती सांडपाण्याचा असतो २०० ते ३००. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा आहे ३०. हे आकडे फळ्यावर मांडून मुलांबरोबर एक गणित करून बघा. स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश ५,००० लिटर स्वच्छ पाण्यातला प्राणवायू संपवू शकतो. रोज ३०,००० लिटर मद्यार्क काढणारी आसवनी घेतली आणि लिटरला १२ लिटर स्पेंटवॉश धरला, तर रोजचा स्पेंटवॉश ३ लाख ६० हजार लिटर होतो. तो पचवायला रोज १८० कोटी लिटर स्वच्छ पाणी हवे. धरणाच्या विसर्गाच्या भाषेत सांगायचे तर हे सातशेहून अधिक क्युसेक झाले. उन्हाळ्यात आपल्या किती नद्यांना एवढे पाणी असते? वाहत्या पाण्यात हवेतला प्राणवायू पुन्हा मिसळत राहतो, हे खरे. पण डोहात साचलेल्या पाण्याला ती सवलत फारशी मिळत नाही.

कायदा आला, तरी

महाराष्ट्राने या बाबतीत लवकर पाऊल उचलले. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. देशाचा कायदा त्यानंतर १९७४ साली आला. तरीही कायदा झाला आणि नद्या निर्मळ झाल्या, असे घडले नाही. स्पेंटवॉशचे काय करायचे, याचे परवडणारे उत्तर जोपर्यंत नव्हते, तोपर्यंत नोटिसा, दंड आणि रात्री सोडलेले पाणी हा लपंडाव राज्याराज्यांत चालू राहिला.

उत्तर आले ते जिवाणूंकडूनच. प्राणवायूशिवाय जगणारे काही जिवाणू या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाऊन मिथेन वायू तयार करतात. गोबर गॅसचेच तत्त्व, फक्त टाकी प्रचंड मोठी. १९८० च्या दशकापासून देशातल्या आसवन्यांनी हे संयंत्र बसवायला सुरुवात केली. त्यातला वायू बॉयलरमध्ये जाळता येतो, म्हणजे इंधनाचा खर्च वाचतो. जे पाणी डोकेदुखी होते, त्याला किंमत आली. कायद्याने जे पुरते साधले नव्हते, त्याला हिशेबाच्या वहीने हातभार लावला.

मात्र इथे सावध राहायला हवे. मिथेन काढल्यावर बीओडी ८५ ते ९० टक्के घटतो. म्हणजे ४०,००० चा निदान ४,००० तरी उरतो, आणि तोही घरगुती सांडपाण्याच्या दसपटीहून अधिक. म्हणून पुढचे टप्पे आले: उरलेले पाणी प्रेसमडवर शिंपडून खत करणे, किंवा ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळणे. २००३ साली केंद्र सरकार आणि उद्योग यांनी मिळून सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषक उद्योगांसाठी एक सनद ठरवली. तिच्यात आसवन्यांनी २००५ अखेरपर्यंत सगळा स्पेंटवॉश वापरून संपवावा, नदीत थेंबही सोडू नये, असे होते. उद्योगाशी बसून मुदत ठरवण्याचा हा मार्ग होता. सगळीकडे आणि सर्वकाळ तो पाळला गेला, असा दावा कोणी करणार नाही. पण नदीकाठच्या माणसाच्या हाती मोजायला एक ठोस वचन आले.

हा विषय अजून शिळा झालेला नाही. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यातली दोन ठिकाणे महाराष्ट्रात होती: मिरज आणि आपल्या शेजारचे मनमाड. २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले. इथेनॉल जितके जास्त, तितका मागे उरणारा द्रवही जास्त.

समुद्रापर्यंत काय पोचते?

शास्त्राशी प्रामाणिक राहायचे तर एक गोष्ट कबूल करायला हवी. लोणी-राहुरीच्या परिसरातला स्पेंटवॉश चौदाशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरातले मासे मारत नाही. त्यातले बहुतेक सेंद्रिय पदार्थ वाटेतच कुजतात. त्याचे भोग नदीला, काठच्या विहिरींना आणि खालच्या गावांना भोगावे लागतात. मग आपला समुद्राशी संबंध तुटला का? नाही. तीन धागे उरतात.

पहिला धागा विरघळलेल्या क्षारांचा. उसाला घातलेल्या युरियातले सगळे नत्र ऊस घेत नाही. काही भाग नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यालाही समुद्र नाही. पण तिथल्या मक्याच्या शेतांतले नायट्रेट मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जाते, तिथे शेवाळ माजते, मरून कुजते आणि तळचा प्राणवायू संपतो. १९८५ पासून शास्त्रज्ञ या मृत पट्ट्याची मोजणी करीत आहेत. २०१७ साली तो २२,००० चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. नगर जिल्ह्याच्या क्षेत्रफळापेक्षा हे जास्त आहे. बंगालच्या उपसागरातही मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या आणि युरोपातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, तिथे प्राणवायूचा अगदी लेशमात्र अंश शिल्लक आहे आणि तेवढ्यावरच त्या थरातले रसायन अडून राहिले आहे. तोही संपला तर समुद्रातले नत्राचे चक्र बदलू शकते. म्हणजे समुद्र सगळे पोटात घेतो, या जुन्या विश्वासाला मर्यादा आहे.

दुसरा धागा न कुजणाऱ्या वस्तूंचा, मुख्यतः प्लॅस्टिकचा. तो मुलांना सांगावा लागत नाही.

तिसरा धागा उलटा आहे: जे पोचायला हवे ते पोचत नाही. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवरच्या धरणांत गाळ अडतो. १९७० च्या दशकात नदी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत होती. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. गाळाविना त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटी जंगल आहे आणि तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या वाळूचा हिशेब आपल्या धरणांपाशी सुरू होतो.

दाखवणारे लोक

इथवर वाचल्यावर शिक्षक विचारतील, एवढ्या लांबच्या गोष्टीसाठी शाळेने काय करावे? इतिहासात याची दोन चांगली उत्तरे आहेत.

पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागात ट्यूना माशांचे थवे डॉल्फिनच्या खालून पोहतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मच्छीमार जहाजे डॉल्फिनभोवतीच जाळे टाकू लागली आणि लाखो डॉल्फिन बुडून मेले. अमेरिकेत १९७२ पासून कायदा होता, तरी हत्या थांबली नव्हती. १९८७ साली सॅम लाबड या तरुण जीवशास्त्रज्ञाने पनामाच्या एका ट्यूना जहाजावर आचाऱ्याची नोकरी धरली आणि लहान व्हिडिओ कॅमेऱ्याने जाळ्यातले डॉल्फिन टिपले. १९८८ साली ती दृश्ये दूरचित्रवाणीवर आली. शाळकरी मुलांनी डब्यातला ट्यूना खायचे नाकारले, कंपनीला पत्रे लिहिली. एप्रिल १९९० मध्ये सर्वांत मोठ्या ट्यूना कंपनीने डॉल्फिनभोवती जाळे टाकून पकडलेला मासा घेणार नाही, असे जाहीर केले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्याही त्याच दिवशी तिच्यामागे गेल्या. १९८६ साली वर्षाला एक लाखाच्या वर असलेले डॉल्फिनचे मृत्यू काही वर्षांतच काही हजारांवर आले. यातही एक गुंता आहेच. मासेमारीच्या काही पर्यायी पद्धतींत कासवे आणि शार्क अधिक अडकू लागले. एक प्रश्न सुटला की दुसऱ्याची मोजणी सुरू करावी लागते.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर जगातला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, मोठ्या संख्येने मारला जाई. माइक पांडे यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला २००० साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००१ साली या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण जाळ्यात चुकून अडकलेला मासा सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. २००४ साली गुजरात वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की, हा मासा म्हणजे माहेरी येणारी लेक आहे. जाळ्याची भरपाई देण्याची सोय झाली आणि कोळ्यांच्या हाती कॅमेरे दिले गेले. मासा सोडतानाचे छायाचित्र हाच पुरावा. आतापर्यंत शेकडो मासे असे परत समुद्रात गेले. महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस संरक्षित जलचर सोडणाऱ्या मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना सुरू केली. तिथेही छायाचित्र लागते.

दोन्ही ठिकाणी तीच जोडी दिसते. पाण्याखालची, नजरेआडची गोष्ट कोणीतरी दाखवली. आणि ज्यांचे पोट त्यावर होते, त्यांना बदलण्याची वाट मिळाली. नुसते दाखवले असते तर भांडण उरले असते. नुसती वाट असती तर ती कोणी धरली नसती.

शाळा आणि कारखाना

नगर जिल्ह्यातल्या शिक्षकाची अडचण मी समजू शकतो. वर्गातल्या मुलाची फी उसाच्या बिलातून येते. कोणाचा भाऊ कारखान्यात आहे, कोणाचे आईवडील पाथर्डीकडून ऊसतोडीला जातात. कित्येक शाळा कारखान्यांच्याच आधाराने वाढल्या. अशा वेळी सांडपाण्याबद्दल बोलणे म्हणजे घरच्या माणसाकडे बोट दाखवणे वाटते. पण सहकारी कारखाना हा सभासदांचा असतो. सभासदाच्या मुलाने आपल्या कारखान्याच्या पाण्याचे काय होते असे विचारणे ही तक्रार नव्हे. तो मालकाने मागितलेला हिशेब आहे.

सुरुवात वर्गातच करता येईल. दोन छोट्या बाटल्या घ्या. दोन्हींत एकाच विहिरीचे पाणी आणि चिमूटभर यीस्ट घाला. एकीत चमचाभर गुळाचे पाणी टाका. दोन्हींत मेथिलीन ब्ल्यूचे एक-दोन थेंब टाकून फिकट निळा रंग येऊ द्या. बाटल्या काठोकाठ भरून झाकणे घट्ट लावा आणि उबदार जागी ठेवा. काही वेळाने गुळाच्या बाटलीतला निळा रंग आधी जाईल, कारण तिथला प्राणवायू आधी संपतो. झाकण उघडून बाटली हवेत हलवली की रंग परत येईल. दुधाचा ताजेपणा तपासायलाही हेच तत्त्व वापरतात. साखर गोड असते आणि तीच पाण्याचा श्वास कोंडते, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

मग मुलांना कारखाना दाखवायला न्या. मिथेनची टाकी, खताचे ढीग, पाण्याचे मीटर बघू द्या. प्रश्न आधी वहीत लिहून न्यायला सांगा. कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाला शाळेत बोलवा. अनेकदा त्याला बोलायचे असते, विचारणारे कोणी नसते. मिळालेली माहिती भित्तिपत्रकावर लिहा: या महिन्यात नदीला किती पाणी होते, कसा वास होता, मासे दिसले का, कारखान्याने काय सांगितले. हिवरे बाजारला गावाच्या पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात. शाळेचे भित्तिपत्रकही तसेच चारचौघांत लागावे. मोबाईलवर छायाचित्रे काढणारी मुले आता प्रत्येक वर्गात आहेत. छायाचित्राखाली तारीख, वेळ आणि जागा लिहायची शिस्त त्यांना लावली, तर तो पुरावा होतो. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले आपल्या परिसराचा असा अभ्यास आपल्या भाषेत मांडू शकतात.

आणि एक नकाशा भिंतीवर लावा. त्यावर मुलांना निळ्या पेन्सिलीने आपल्या गावच्या ओढ्यापासून रेघ ओढायला सांगा. ओढा नदीला मिळेल, नदी गोदावरीला किंवा भीमेला. जिल्ह्याची हद्द आली म्हणून पेन्सिल उचलू देऊ नका. रेघ निळ्या रंगाला जाऊन भिडेपर्यंत ओढू द्या आणि मग विचारा, आपला समुद्र कोणता?